वडिलांच्या पेंटॅक्स लेन्स आणि नवा मिररलेस कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा: ‘वडिलांच्या कपाटात चामडी कव्हरमध्ये पेंटॅक्स के१००० सापडला. सोबत ५० मिमी एफ/२ आणि १३५ मिमी एफ/३.५ अशा दोन लेन्स. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि नुकताच सोनी ए६४०० घेतला आहे. सोनीला अडॅप्टर लावून दोन्ही लेन्स वापरून पाहिल्या, पण चेहरे शार्प येत नाहीत आणि चकाकत्या वस्तूंच्या कडेला जांभळी रेघ दिसते. निकॉनवर जास्त चांगल्या चालतील का? की या लेन्स आता नुसत्या आठवण म्हणून ठेवायच्या?’

आठवण म्हणून ठेवू नका, वापरा. मी वीसेक वर्षं फोटो काढतोय आणि माझं निम्मं काम आजही हाताने फोकस करायच्या लेन्सवर होतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. तुमच्या तक्रारीतला मोठा भाग फोकस करायच्या पद्धतीचा आहे, थोडा अडॅप्टरचा, आणि राहिलेला खरोखर लेन्सचा.

आधी निकॉनचं उरकून टाकू. प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या, तोंडापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. पेंटॅक्सच्या के माउंटचं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५ मिमी. म्हणजे पेंटॅक्सची लेन्स निकॉनवर बसवली की ती सेन्सरपासून किमान १ मिमी जास्त लांब जाते. १ मिमी ऐकायला काहीच वाटत नाही, पण गणित करून बघा: ५० मिमीची लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वात लांबच्या फोकसवर, लावलेली असताना १ मिमी पुढे सरकली, की साधारण अडीच मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसत नाही. अडॅप्टरच्या पत्र्याची जाडी धरून २ मिमी झाले, तर मर्यादा १.३ मीटरवर येते. समोर बसलेल्या माणसाचा फोटो निघेल, मागच्या डोंगराचा नाही. यावर उपाय म्हणून मधे काच असलेले अडॅप्टर मिळतात. त्यातली काच बहुतेक वेळा इतकी सुमार असते की चांगल्या लेन्सचं तेज तिथेच जातं. तेव्हा पेंटॅक्सच्या लेन्स डी५६०० ला लावायचा विचार सोडून द्या. त्या बॉडीला जुनी लेन्स हवीच असेल तर जुनी निक्कोर, म्हणजे निकॉनचीच लेन्स, घ्या. ती अडॅप्टरशिवाय बसते, पण डी५६०० तिच्यासोबत प्रकाश मोजत नाही. एम मोडवर ठेवून अंदाजाने एक्स्पोजर लावायचं आणि स्क्रीनवर बघून सुधारायचं.

सोनीच्या ई माउंटचं तेच अंतर १८ मिमी आहे. मधे २७.४६ मिमीची मोकळी जागा राहते, आणि अडॅप्टर म्हणजे तेवढ्या लांबीची पोकळ नळी. त्यात काच नाही, त्यामुळे चित्र बिघडवायला काही नाही. मिररलेस कॅमेरे आल्यावर कपाटांत पडून असलेल्या लेन्सना पुन्हा मागणी आली, ती यामुळेच. आरसा गेला, बॉडी पातळ झाली आणि जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआर लेन्स बसवता येऊ लागली.

पण पोकळ नळीसुद्धा वाईट असू शकते, म्हणून तुमचा अडॅप्टर तीन प्रकारे तपासा. एक, लेन्स लावून हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा. किंचितही खुळखुळ जाणवली तर फोकस रिंग फिरवताना अख्खी लेन्सच हलणार, आणि १३५ मिमीला ते फार जाणवतं. दुसरं, रात्री चंद्रावर फोकस करा. रिंग अनंतावर टेकूनही चंद्राची कड पुसटच राहिली तर अडॅप्टर जाड आहे, तो परत करा. अनंताच्या खुणेच्या थोडं अलीकडेच चंद्र स्पष्ट झाला तर तो किंचित पातळ आहे. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम तसे करतात. चालतो, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर मग विसंबायचं नाही. तिसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. लेन्स काढून नुसता अडॅप्टर खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि आतून बघा. आतली भिंत चकाकत असेल तर तोच उजेड सेन्सरवर पांढुरका पडदा टाकतो. माझ्या एका अडॅप्टरमुळे वर्षभर मी एका उत्तम लेन्सला ‘कॉन्ट्रास्ट नाही’ म्हणून दोष देत होतो. आतून काळं मखमली कापड चिकटवलं आणि त्याच संध्याकाळी त्या लेन्सचे काळे खरोखर काळे आले.

आता मुख्य गोष्ट, फोकस. ए६४०० च्या मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ तुम्ही चालू केलंच असणार, नाहीतर शटर दाबलंच गेलं नसतं. पण मला वाटतं तुम्ही फोकस पीकिंगवर विसंबून फोटो काढताय. कडांवर लाल-पिवळे ठिपके चमकले की फोकस झाला, असं सगळ्यांना वाटतं. पीकिंग फोकस मोजत नाही. जिथे कडेचा कॉन्ट्रास्ट जास्त तिथे ते रंग भरतं. भुवया, चष्म्याची फ्रेम, साडीचा काठ लगेच चमकतात, आणि डोळा मात्र २ सेंटीमीटर मागे राहतो. ५० मिमी लेन्सला एफ/२ वर, म्हणजे तिचं अपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं असताना, १ मीटर अंतरावरून, तुमच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम ३ सेंटीमीटरची असते. नाकाचं टोक ते डोळा एवढंही अंतर त्यात मावत नाही. १३५ मिमीला एफ/३.५ वर ३ मीटरवरून ती ७ सेंटीमीटर होते. नुसता श्वास घेतानाही आपण थोडे पुढे-मागे हलतो.

म्हणून पीकिंग ‘लो’वर ठेवा आणि फक्त अंदाज घ्यायला वापरा. खरा फोकस मॅग्निफायरने, म्हणजे चित्राचा तुकडा मोठा करून, करायचा. एखाद्या बटणाला फोकस मॅग्निफायर द्या आणि त्याची वेळमर्यादा काढून टाका, नाहीतर ऐन वेळी चित्र पुन्हा लहान होतं. बटण दाबून डोळ्यावर जा, रिंग फिरवा. पापणीचे केस सुटे दिसेपर्यंत जा, थोडं पुढे जाऊ द्या, मग मागे या. हे पुढे-मागे जाणं महत्त्वाचं, कारण सर्वात स्पष्ट जागा ती ओलांडल्याशिवाय कळत नाही. कॅमेरा मागच्या स्क्रीनकडे बघत लांब धरू नका. डोळा व्ह्यूफाइंडरला, कोपरं बरगड्यांना टेकलेली. श्वास सोडून झाला की शटर.

तुमच्या वडिलांना यातलं काहीच लागत नव्हतं, आणि त्याला कारण आहे. के१००० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक खडबडीत वर्तुळ आहे. फोकस नसेल तर त्यातलं चित्र थरथरल्यासारखं तुटक दिसतं, फोकस झाला की एकदम शांत होतं. आताच्या डीएसएलआरमधल्या काचा अंधाऱ्या झूम लेन्ससाठी उजळ केलेल्या असतात. त्यात एफ/२ ची खरी पुसटता दिसतच नाही, आणि ज्या चेहऱ्यावर फोकस झालाय असं डोळ्याला वाटतं तो प्रत्यक्षात चुकलेला असतो. निकॉनवर जुन्या लेन्सने फोकस चुकला की लोक स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासायला जातात. अशा वेळी चष्म्याला दोष देण्याआधी व्ह्यूफाइंडरमधला, फोकस झाल्यावर पेटणारा हिरवा ठिपका बघावा.

चेहरे शार्प न येण्याचं दुसरं कारण शटरचा वेग. ए६४०० च्या बॉडीत कंप रोखायची सोय नाही, आणि जुन्या लेन्समध्ये ती असण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्स ७५ मिमीसारखी दिसते आणि १३५ जवळजवळ २०० सारखी. त्यात जुनी लेन्स कॅमेऱ्याला आपली लांबी सांगत नाही, त्यामुळे ऑटो आयएसओवर (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडली असताना) कॅमेरा किती कमी वेग पुरेल हे आपल्या मनाने ठरवतो आणि संध्याकाळी सर्रास १/६० वर येतो. मेनूत किमान शटर वेग स्वतः ठरवायची सोय आहे. ५० साठी १/२००, १३५ साठी १/५०० ठेवा. आयएसओ वाढू द्या, दाणे आले तर आले. हललेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही. मोड ए वर ठेवायचा. अपर्चर रिंगवर तुम्ही जे लावाल तेवढंच छिद्र खरोखर बंद होतं, आणि कॅमेरा त्या उजेडावरून वेग काढतो. फाइलमध्ये अपर्चरचा आकडा नोंदला जाणार नाही. सुरुवातीचे काही महिने तो खिशातल्या वहीत लिहून ठेवा.

आता लेन्सचा स्वभाव. एफ/२ वर तुमची ५० मिमी लेन्स थोडी मऊच आहे. उन्हात चमकणाऱ्या स्टीलच्या भांड्याच्या कडेला दिसणारी जांभळी रेघ हा तिच्या घडणीचा भाग आहे. वेगवेगळ्या रंगांचा उजेड ती अगदी एकाच जागी आणत नाही, आणि पूर्ण उघड्या अपर्चरवर ते उघडं पडतं. एफ/२.८ ला रेघ बरीच कमी होते आणि एफ/४ ला तुम्हाला ती शोधावी लागेल. ५.६ ते ८ मध्ये ही लेन्स तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरला पुरून उरते. एफ/११ च्या पुढे मात्र छिद्र इतकं बारीक होतं की प्रकाश पसरून चित्र पुन्हा मऊ पडतं, तिकडे विनाकारण जाऊ नका. १३५ ला आत सरकणारं हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी कड, आहे. ते बाहेर ओढायचं आणि बाहेरच ठेवायचं.

माझ्याकडेही हीच ५० मिमी लेन्स आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका सकाळी मी तिच्यासोबत दोन तास बसलो होतो. दारातून एकाच बाजूने उजेड, आत काळोख, आणि एक कारागीर तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करत बसलेला. हातोडी दर ठोक्याला वर जाते, खाली येते, आणि दुसऱ्या हाताने हंडा बोटभर फिरतो. हातोडीवर फोकस करायला गेलो तर कुठल्याच मॅन्युअल लेन्सने ते साधणार नाही. पण हातोडी हंड्यावर जिथे आदळते ती जागा मात्र हलत नाही. तिथे मॅग्निफायरने फोकस केला, अपर्चर एफ/४ ला आणलं, वेग १/५००, आणि मग रिंगवरचा हात काढून घेतला. त्यानंतर काम फक्त ठोका पडण्याच्या क्षणाचं राहिलं. तांब्यावर पडलेले गोल-गोल ठसे, प्रत्येकात दाराचा एक चौकोनी उजेड, आणि बोटांच्या पेरांवरची काजळी. ऑटोफोकसच्या लेन्सने तिथे मी नक्की जास्त फोटो काढले असते. पण ठोका कुठे पडतो हे मी इतक्या बारकाईने बघितलं नसतं, आणि माझ्यासाठी या लेन्सची खरी किंमत तीच आहे.

याच कारणाने मी लग्नाच्या कामाला किंवा पळणाऱ्या पोरांच्या मागे जुनी लेन्स नेत नाही. तिथे तुमची सोनीची झूम चांगली. पालखीत मात्र नेतो, पण ५० नव्हे, २८ मिमी आणि फुल फ्रेम (फिल्मएवढ्या सेन्सरची) बॉडी. दिवे घाटात गर्दी अंगावर येते तेव्हा फोकस करत बसायला वेळ नसतो. अपर्चर एफ/८, अंतर ३ मीटर, दोन्ही रिंग चिकटपट्टीने पक्क्या. लेन्सवर अपर्चरच्या खुणांच्या जोड्या असतात, त्यांवरून किती अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते वाचता येतं. या खुणा फिल्मच्या हिशेबाच्या आहेत, आणि डिजिटल फोटो आपण मोठा करून बघतो. म्हणून एफ/८ लावून मी ५.६ च्या खुणा वाचतो. त्यातून साधारण १.८ ते ८ मीटरचा पट्टा मिळतो, आणि वारकऱ्याच्या टाळापासून मागच्या पताकेपर्यंत तेवढा पुरतो. तुमच्या लहान सेन्सरवर आणखी एक स्टॉप (अपर्चरची एक पायरी) कडक राहा: एफ/८ लावा आणि ४ च्या खुणा वाचा.

आता एक काळजीची गोष्ट. लेन्स चामडी कव्हरमध्ये होत्या असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओलावा धरून ठेवतं आणि लेन्सवरच्या बुरशीला याहून चांगलं घर नाही. कोकणात तर मी एकाच पावसाळ्यात कोरी लेन्स गेलेली पाहिली आहे. आजच त्या कव्हरमधून काढा आणि तपासा. अपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका टाका आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखं धुकं असेल तर आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसली आहे. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचा चिकटवणारा थर सुटतोय, आणि तशी लेन्स दुरुस्तीला देण्यात अर्थ नसतो. धुळीचे कण दिसतील, ते विसरा, फोटोत येत नाहीत. शेवटी अपर्चर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर नेऊन लेन्सच्या मागचा छोटा दांडा बोटाने सरकवून सोडा: अपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. आळसावल्यासारखी मिटली तर त्यांवर तेल आलंय.

बुरशी थोडी असेल तर जाणत्या कारागिराकडून लेन्स उघडून साफ करून घ्या, वेळ लावू नका. ती काचेवरचं कोटिंग खाते आणि खाल्लेलं परत येत नाही. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चौकशी करा. यूट्यूब बघून स्वतः उघडू नका. एका मित्राने उघडलेली लेन्स माझ्याकडे डब्यातून आली होती, स्क्रू वेगळे, काचा वेगळ्या, आणि कुठली काच कुठल्या तोंडाने होती याची खूण कुठेच नाही.

साफ लेन्स ठेवायला महागडं कपाट लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की गरम करून सुकवायचं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नाही. निळ्या जेलमधला रंग विषारी असतो. तांदळात लेन्स पुरून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पिठासारखी धूळ रिंगमध्ये शिरते. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून उजेडात वापरणं.

पुढे आणखी लेन्स घ्यावीशी वाटेलच. सहा महिने थांबा, या दोन आधी हाताला बसू द्या. मग घ्यायचीच तर एफ/१.४ च्या मागे लागू नका. मिनोल्टा, ऑलिंपस, कॅनन एफडी, कोणाचीही एफ/१.७ किंवा १.८ ची ५० मिमी कमी पैशांत मिळते आणि ४ वर तितकीच चांगली असते. हेलिओस ४४-२ च्या मागच्या पानांच्या भोवऱ्यावर सगळे भाळतात. ती सोव्हिएत लेन्स आहे, जर्मनीच्या झाइस बायोटारवरून घडवलेली, आणि तो भोवरा चित्राच्या कडेला असतो. तुमच्या सेन्सरवर कडा कापली जाते आणि भोवऱ्याचा बराच भाग तिच्याबरोबर जातो. जुन्या टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मधली काच पिवळी दिसली तर घाबरू नका. काही आवृत्त्यांमध्ये थोरियमयुक्त काच आहे, ती काळानुसार पिवळी पडते आणि काही दिवस उन्हात ठेवली की बरीच निवळते. मात्र उन्हात ठेवाल तेव्हा लेन्समधून केंद्रित झालेलं ऊन पडद्यावर किंवा लाकडावर पडणार नाही असं बघा, आग लागते. जुन्या वाइड लेन्स आणि जुने झूम यांवर मी पैसे घालणार नाही. तुमच्या लहान सेन्सरवर २८ मिमी काही वाइड राहत नाही, आणि आजची साधी किट झूम त्यांच्यापेक्षा सरस आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात लेन्स बघायला गेलात तर तुमचा कॅमेरा आणि अडॅप्टर बरोबर न्या, तिथेच लावून बघा. मी एकदा घाईत नुसत्या टॉर्चवर १३५ मिमी घेतली. काच आरशासारखी स्वच्छ होती. घरी येऊन लावली तेव्हा कळलं की ती कधीतरी पडली होती: चित्राची डावी बाजू शार्प, उजवी कायम पुसट. त्यासाठी एकच फोटो पुरतो. समोरची विटांची भिंत, कॅमेरा भिंतीला समांतर, एफ/५.६, आणि मग चारही कोपरे मोठे करून बघायचे.

राहिला के१००० बॉडीचा प्रश्न. तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो: ती विकू नका. तिचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरीशिवाय चालतं. बॅटरी फक्त प्रकाश मोजायला लागते, आणि हल्लीची एलआर४४ बसते. वडिलांना विचारून ५० मिमीचं पुढचं झाकण मात्र शोधून ठेवा. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, झाकण लावून काळोख केला तरच बॅटरी वाचते.